जड दोरीची कैफियत

यंत्र बिघडले की त्याचा धनी दुकानात येऊन जी तक्रार सांगतो, ती बहुधा यंत्राच्या ज्या अवयवाला त्याचा हात लागतो त्या अवयवाची असते. आणि गवत कापायचे मशीन, आंब्याच्या बागेतला फवारणीचा पंप, पॉवर विडर, लहान जनरेटर या सर्व पेट्रोल-इंजिनांना माणसाचा हात लागतो तो एका दोरीला. दक्षिण रत्नागिरीतील एका तालुक्याच्या गावी ही यंत्रे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, आणि या अवधीत माझ्या कानांवर सर्वांत अधिक वेळा पडलेली फिर्याद हीच की, दोरी जड येते. फिर्याद एक, परंतु तिच्या मुळाशी असलेले दोष इतके भिन्न प्रकृतीचे की, दोरीचा स्वतःचा अपराध त्यांत क्वचितच निघावा. इंजिनाच्या पोटात जे काही अनिष्ट घडते त्याची वर्दी दोरी तेवढी आणून देते. आणि ही वर्दी ऐकून न घेता जो मनुष्य आणखी जोर लावतो, तो किरकोळ खर्चाचे काम मोठ्या खर्चाचे करून बसतो, ही गोष्ट मी इतक्या घरांत घडताना पाहिली आहे की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

या दोरीची रचना बाहेरून दिसते त्याहून नाजूक आहे. वाटोळ्या झाकणाखाली एक चाकी असते, तिच्यावर नायलॉनची विणलेली दोरी गुंडाळलेली असते, आणि चाकीच्या पोटात चपट्या पोलादी पट्टीची सर्पिल स्प्रिंग दडलेली असते. दोरी ओढली की चाकी फिरते, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसे लहान कुत्रे बाहेर येऊन मॅग्नेटवरच्या कपाला धरतात आणि इंजिन फिरू लागते. इंजिनाने स्वतःचा वेग घेतला की कुत्रे सुटतात, आणि ताणली गेलेली स्प्रिंग दोरी पुन्हा आत घेते. कोकणातल्या वहाळांच्या काठी पेट्रोलवर सुरू होऊन मग घासलेटवर चालणारे जे जुने पंप असत, त्यांना हे सुखही नव्हते. त्यांच्या चाकीला नुसती खाच असे, गाठ मारलेली सुटी दोरी तीत अडकवून प्रत्येक खेपेस नव्याने गुंडाळावी लागे, आणि पावसाळी सकाळी पंप चालू होईपर्यंत माणूस घामाघूम होई. त्या मानाने आजची दोरी ही सोय आहे. मात्र ती सोय म्हणून टिकावी यासाठी तिच्याकडे लक्ष द्यावे लागते.

माझी उमेदवारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, डिझेल इंजिनांच्या एका कारखान्यात झाली. त्या इंजिनांना दोरी नव्हती, हँडल होते. आणि माझ्या उस्तादांनी मला सर्वांत प्रथम जे शिकविले ते इंजिन खोलणे नव्हे, तर हँडल धरणे. अंगठा बोटांच्या समोरून मुठीत आवळायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे इंजिनाने उलटा तडाखा दिला तर हँडल हातातून निसटते आणि मनगट वाचते, हा त्यांचा पहिला हुकूम होता. दुसरा हुकूम डीकॉम्प्रेशनच्या खटक्यासंबंधी. तो खटका वर केला की व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, सिलिंडरमधल्या हवेला वाट मिळते, आणि एरवी दोन माणसांना न हलणारे इंजिन एका माणसाच्या हाताने गरगर फिरते. वेग आला की खटका पाडायचा. त्या वेळी हे मला केवळ तंत्र वाटले होते. यंत्र घडविणाऱ्याने माणसाच्या दंडाची ताकद आधी हिशेबात धरली आणि नंतर यंत्र घडविले, हा त्यातला आशय पुढे पुष्कळ वर्षांनी एका बागायतदार बाईंच्या पंपासमोर बसलो असताना मला पुरता उमगला; तो प्रसंग पुढे येईलच.

आपला व्यवसाय मांडल्यावर मी एक शिरस्ता पाडून घेतला की, कोणतेही यंत्र पुढ्यात आले तरी पाना हाती घेण्यापूर्वी स्विच बंद करून दोरी सावकाश, अगदी सावकाश ओढून पाहायची. झटक्याने ओढलेली दोरी काहीच सांगत नाही. सावकाश ओढली असता जडपणाचे निरनिराळे प्रकार हाताला स्वच्छ कळतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच जड, परत जातानाही आळसावून जाणारी दोरी असेल, तर दोष बहुधा स्टार्टरच्या झाकणातच असतो. एका फेऱ्यात एकाच ठिकाणी अडून मग हलकी होणारी दोरी पिस्टनाच्या दाबाविषयी बोलत असते. भिंतीला बांधल्यासारखी जागीच ठप्प झालेली दोरी सर्वांत गंभीर. तिथे एक तर सिलिंडरात द्रव साचला आहे, नाही तर पिस्टन बोअरमध्ये जाम झाला आहे. आणि चौथा प्रकार असा की, दोरी जड नसते, पण ओढता ओढता ती हातातून मागे हिसकली जाते. तिथे मॅग्नेटची अर्धचंद्राकृती चावी कापली जाऊन ठिणगी आपल्या वेळेच्या आधीच पडू लागलेली असते. या चौथ्या प्रकाराने एका गड्याची दोन बोटे कित्येक दिवस सुजलेली मी पाहिली. तसे यंत्र ‘जरा जपून ओढ’ एवढ्या ताकिदीवर कोणाच्या हाती देणे मला अन्यायाचे वाटते. चावी बदलेपर्यंत ते चालवूच नये.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. दोरी बिलकूल जड लागू नये, असे नाही. पिस्टन वर येताना आतली हवा साधारणपणे आठव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबली जाते, आणि त्या दाबातच इंजिनाचा प्राण आहे; त्यामुळे हाताला जी ठराविक अडवणूक लागते ती निरोगीपणाची खूण होय. रिंगा झिजलेल्या इंजिनाची दोरी लहान मूलही ओढू शकते, आणि असे इंजिन काही केल्या सुरू होत नाही.

हाताने जबानी घेतल्यावर तिची रुजुवात करायची. त्याची रीत सोपी आहे आणि ज्याच्याजवळ प्लगचा पाना आहे अशा कोणाही शेतकऱ्याला ती घरी करता येते. प्लग काढावा आणि दोरी ओढावी. आता ती हलकी आली तर दोष दाबाच्या बाजूचा किंवा साचलेल्या द्रवाचा. तशीच जड राहिली तर स्टार्टरचे तीन-चार बोल्ट काढून झाकण हातात घ्यावे आणि इंजिनापासून अलग अशी दोरी ओढून पाहावी. अलग केल्यावर ती सुरळीत धावली तर अडचण इंजिनात आहे. अलग होऊनही जड राहिली तर ती झाकणाच्या आत आहे. पाच मिनिटांचा हा तपास आहे, परंतु तो न करता थेट नवा स्टार्टर आणून बसविण्याची आणि जाम इंजिनाने तोही मोडून घेण्याची वहिवाट आमच्या भागात मला फार आढळली.

झाकणातल्या दोषांपैकी पुष्कळसे माणसाच्या सद्भावनेतून निर्माण होतात. दोरी तुटली म्हणून मजबूत दोरी घालावी, या विचाराने लोक मूळच्या तीन मिलिमीटरच्या जागी पाच मिलिमीटरची, किंवा घरात पडलेली कपडे वाळत घालायची दोरी ओवतात. चाकीच्या खोबणीत ती मावत नाही, एका वेढ्यावर दुसरा वेढा चढतो आणि चाकी झाकणाला घासू लागते. स्प्रिंग कोरडी वाटली म्हणून कोणी तिच्यात गाडीचे ग्रीस भरभरून घालतो. मग जांभ्याची तांबडी धूळ त्या ग्रीसमध्ये मुरते, दोहोंचा घट्ट लगदा होतो आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंगला घासलेटने धुऊन, पुसून, पातळ तेलाचा हात तेवढा लागतो. मात्र चाकी उचलताना दाबलेली स्प्रिंग पात्याच्या वेगाने उसळते, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातांत जाड मोजे असल्याखेरीज माझ्या दुकानात कोणत्याही उमेदवाराने ती उघडायची नाही, अशी सक्त ताकीद आहे. नवी दोरी घातल्यावर स्प्रिंगला किती पीळ द्यावा हेही अनुभवाने ठरते. पीळ कमी पडला तर मूठ लोंबत राहते; जास्त झाला तर दोरी पूर्ण बाहेर येण्यापूर्वीच स्प्रिंग आवळून घट्ट होते आणि टोकाशी तुटते. दोरी सबंध बाहेर काढून धरल्यावरही चाकी हाताने निदान अर्धा फेरा आणखी फिरली पाहिजे, ही मी ठेवलेली कसोटी आहे.

पावसाळ्याचे चार महिने मांगरात ठेवलेल्या यंत्रांची गोष्ट निराळी. गणपती होऊन गेले, पाऊस ओसरला, बागेत छातीएवढे गवत माजले की भाद्रपदाच्या अखेरीपासून दुकानापुढे गवत कापायच्या मशीनांची रांग लागते, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक यंत्रांची तक्रार दोरीची असते. झाकण काढावे तो आत कुंभारीण माशीने मातीची घरटी बांधलेली, कुठे उंदराने वाळक्या गवताचे आणि सुतळीचे बिऱ्हाड केलेले, कुठे मॅग्नेट आणि कॉइल यांच्यामध्ये गंजाचा थर चढून दोन्ही एकमेकांना घासत असलेली. त्या दोहोंमध्ये मॅग्नेट न घासता फिरावा आणि ठिणगीही पडावी एवढे, साधारण 0.3 मिलिमीटरचे, अंतर हवे. पॉलिश पेपरने गंज काढणे, फटीत फिलर गेज घालून कॉइल पुन्हा आवळणे, एवढ्याने दोरी मोकळी होते. असे काम हाती आले म्हणजे समाधान वाटते, कारण गिऱ्हाईक मोठ्या खर्चाची धास्ती घेऊन आलेले असते आणि हलक्या मनाने परत जाते.

द्रव साचण्याचे प्रकरण मात्र सावधगिरीने हाताळावे लागते. फवारणीचा पंप टेंपोत आडवा टाकून बागेत नेला, आणि तो नेमका एअर फिल्टरची बाजू खाली येईल असा पडला, तर चेंबरमधले ऑइल सिलिंडरात उतरते. किंवा कार्ब्युरेटरची नीडल कचऱ्याने उघडी राहिली आणि पेट्रोलचा कॉक रात्रभर चालूच राहिला, तर पेट्रोल झिरपत सिलिंडरात भरते. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पिस्टन अर्ध्या वाटेवर खिळून उभा राहतो. एकदा डिसेंबरात, आंब्याचा मोहोर फुटत असता आणि तुडतुड्यांसाठी फवारणीची निकड असता, तीन दांडगे गडी एका पंपाची दोरी आळीपाळीने ओढून दमले, चौथ्याने पाय लावून ओढली तेव्हा चाकीच फुटली, आणि मग तो पंप माझ्याकडे आला. प्लग काढून मॅग्नेट हाताने फिरविला तो प्लगच्या भोकातून ऑइलची चिळकांडी उडाली. पेट्रोल साचलेले असेल तर आसपास विडी-काडी किंवा ठिणगी असता कामा नये, प्लगची टोपी इंजिनाच्या अंगापासून दूर बांधून ठेवावी, आणि एवढ्यावर काम संपले असे समजून यंत्र परत देऊ नये. कारण जे पेट्रोल सिलिंडरात उतरले ते रिंगांच्या फटीतून खाली चेंबरातही गेलेले असते. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर ते सगळे ऑइल काढून नवे घातल्याखेरीज इंजिन सुरू करणे म्हणजे बेअरिंगांचा नाश ओढवून घेणे होय. त्या पंपाची फुटलेली चाकी तालुक्याला मिळाली नाही, कोल्हापुराहून मागवावी लागली, आणि तोवर मोहोराचे आठ दिवस गेले. प्लग काढून पाहण्यास कोणाला सांगावेसे वाटले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

टू-स्ट्रोक यंत्राची दोरी जागीच ठप्प झाली तर माझा पहिला प्रश्न ऑइलविषयी असतो. एक लिटर पेट्रोलला यंत्राच्या नियमाप्रमाणे 20 मिलिलिटर किंवा 40 मिलिलिटर ऑइल मिसळावे लागते, आणि ते मिसळण्याचे काम मालक गड्यावर, गडी दुसऱ्या गड्यावर सोपवितो. सायलेन्सर काढून पिस्टन समोर येईल असा ठेवावा आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले की सारा दाखला मिळाला. पुष्कळदा अशा यंत्राबरोबर मालक आणि गडी दोघेही आलेले असतात, आणि दोष कोणाचा हे माझ्या तोंडून वदवून घेण्याची मालकाची उत्सुकता असते. त्या वेळी गड्याच्या पगारातून खर्च वसूल करण्याच्या कामी मी आपला निर्णय कधीही दिलेला नाही. त्याऐवजी रंगीत ऑइल घालण्याचा आणि तयार मिश्रणाचा डबा वेगळा, खूण केलेला ठेवण्याचा आग्रह धरला. मिश्रणाला रंग दिसला की विसर आपोआप टळतो.

एका बंगल्यावरील रखवालदाराने हिरवळ कापायचे चाकांचे मशीन आणले होते, त्याचीही दोरी हलत नव्हती. त्या प्रकारच्या यंत्राच्या दांडीवर एक आडवा लिव्हर असतो. तो दांडीशी दाबून धरल्याखेरीज मॅग्नेटवरचा ब्रेक सुटत नाही, आणि हात सोडताच पाते थांबावे ही त्यामागची योजना. त्याची केबल तुटली होती. ‘लिव्हरची भानगडच काढून टाका’ असा मालकांचा निरोप होता. मी केबल नवी घातली आणि ब्रेक तसाच राखला, कारण पाते ज्याच्या पायाशी फिरते तो मालक नव्हे, रखवालदार होता.

आता त्या बाईंची हकीकत. आमच्याच तालुक्यातील एका गावी त्या आपली दोनशेच्या आसपास कलमे स्वतः सांभाळीत. नळ्या ओढणे, औषध मोजून कालवणे, प्रेशर राखणे, सारे त्या करीत. फक्त इंजिनाची दोरी त्यांना ओढवत नसे. त्यासाठी शेजारच्या वाडीतला एक तरुण येई, आणि तो येईपर्यंत फवारणी खोळंबे. तो मुंबईला गेला असला म्हणजे तर भुरीला रान मोकळे. त्यांनी पंप यापूर्वी दोन ठिकाणी दाखविला होता, आणि दोन्हीकडे ‘बाईमाणसाला ती जडच जाणार’ असे उत्तर मिळाले होते. मला म्हणाल्या, “दादा, माझ्या हातात जोर नाही असं सगळे सांगतात. पण विहिरीचं पाणी मीच ओढत्ये. एकदा नीट बघा.”

मी नीट पाहिले. स्टार्टर निर्दोष होता, ऑइलची पातळी योग्य होती, पंपाचा प्रेशरचा लिव्हर उघडा ठेवूनही जडपणा तसाच राही, आणि प्लग काढताच दोरी हलकी येई. म्हणजे दाब प्रमाणाबाहेर लागत होता. या जातीच्या चार-स्ट्रोक इंजिनांत उद्यमनगरातल्या खटक्याचेच काम करणारी एक योजना कॅमशाफ्टवर असते. इंजिन हळू फिरत असता एक बारीकशी पिन एक्झॉस्ट व्हॉल्व्हला दाबाच्या वेळी किंचित उचलते, आणि वेग आला की तिच्याजवळचे वजन बाहेर फेकले जाऊन पिन आपोआप बाजूला होते. हे उचलणे इतके अल्प असते की, टॅपेटचे अंतर ठरलेल्यापेक्षा वाढले तर सगळे उचलणे त्या मोकळ्या अंतरातच जिरून जाते आणि व्हॉल्व्ह हलतच नाही. वरचे झाकण काढून फिलर गेज घातला तेव्हा एक्झॉस्टचा नट सैल पडून अंतर दुपटीहून अधिक झालेले आढळले. इंजिन थंड असता, पिस्टन दाबाच्या शेवटी वर आणून, इनलेटला 0.15 आणि एक्झॉस्टला 0.20 मिलिमीटर एवढे अंतर त्या इंजिनास विहित होते. ते बांधले, नट आवळले, आणि दोरीची मूठ त्यांच्या हाती दिली. पहिली खेप सावकाश ओढून कुत्रे धरल्याची खात्री करायची, मग एका दमात ओढायची, पण टोकापर्यंत नव्हे, आणि मूठ मोकळी न सोडता हातानेच परत न्यायची, एवढे सांगितले. पंप दुसऱ्या ओढीला सुरू झाला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो बंद केला आणि पुन्हा स्वतःच सुरू केला.

ज्यांनी ते इंजिन आखले त्यांनी या बाईंच्या हाताची तरतूद आरंभीच करून ठेवली होती, आणि केवळ एका नटाच्या हयगयीमुळे ती तरतूद हिरावली जाऊन दोष त्यांच्या स्त्रीत्वावर ठेवण्यात आला होता, या विचाराने माझ्या कामाची रीतच बदलली. तोवर मी दुरुस्त यंत्र स्वतः सुरू करून दाखवीत असे आणि गिऱ्हाइकाने मान डोलावली की पैसे घेत असे. त्यानंतर जो मनुष्य ते यंत्र रोज चालविणार त्यानेच माझ्यासमोर दोरी ओढली पाहिजे, असा नियम केला. खांदा दुखावलेला गडी, सत्तरी ओलांडलेले बागायतदार, बचत गटाच्या पॉवर विडरवर काम करणाऱ्या बायका, यांपैकी ज्याला ती ओढवत नाही त्याचे यंत्र माझ्या दृष्टीने दुरुस्त झालेलेच नसते. या नियमाने दिवसाची कामे कमी उरकतात, परंतु वयपरत्वे यंत्र विकून टाकण्याच्या विचारात असलेले कित्येक लोक आजही आपली बाग आपण राखीत आहेत.

अलीकडे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येऊ लागल्यापासून आमच्या दमट हवेत साठवणीचा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते, आणि कार्ब्युरेटरात गंज व घाण होऊन नीडल उघडी राहण्याची प्रकरणे वाढतात. यास्तव मृगापूर्वी यंत्र मांगरात ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करायला सांगतो. त्यानंतर प्लगच्या भोकातून चमचाभर स्वच्छ ऑइल घालून, दोरी दोन-तीनदा हळू ओढून ते सर्वत्र पसरू द्यावे आणि प्लग परत बसवावा. मग दोरी शेवटची एकदा सावकाश ओढावी, आणि हाताला अडवणूक लागली की तिथेच थांबून मूठ अलगद परत न्यावी. त्या ठिकाणी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, आणि पावसाची ओल सिलिंडरात शिरू शकत नाही.